चौथा दांडा

भट्टी चौदा दिवस पेटली नव्हती. वेणीमाधवांनी वाकून तिच्या तोंडात हात घातला. विटा गार होत्या. चैत्रातल्या सोलापुरात बाहेरच्या पत्र्याला हात लावता येत नसताना या विटा गार लागाव्यात हे त्यांना विचित्र वाटले. आणि असल्या गोष्टी आपण अजून टिपत बसतो याची लाजही वाटली.

"हात काळे कशाला करता, दादा?" मागून चिंतामणी म्हणाला. "उद्या गवंडी येतोय. पाडायचीच आहे ती."

"उद्याच?"

"काल तुम्हीच हो म्हणालात की."

काल ते हो म्हणाले होते हे खरे. तेराव्याची पंगत उठली होती, धाकटा भाऊ ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता, आणि त्याने 'फौंड्री बंद करा' म्हटल्यावर नाही म्हणायला वेणीमाधवांच्या तोंडात जीभ नव्हती. सिद्धनाथ चिंतामणीचा एकुलता एक मुलगा. चोवीस वर्षांचा. होटगीच्या रस्त्यावर कारखान्याचे गिऱ्हाईक इनामदार यांची मोटार तासाला सत्तर मैलांनी पळवून पाहत असताना इंजिन आतल्या आत फुटले, मागची चाके जागीच जखडली आणि मोटार मोरीवरून उलटली. मुंबईच्या शर्यतीला नेण्याआधीची ती शेवटची चाचणी होती.

इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या नळकांड्यात पिस्टनचे तुकडे निघाले आणि पिस्टनला क्रँकशी जोडणारा पोलादी दांडा मधोमध तुटलेला निघाला. पिस्टन वेणीमाधवांच्या फौंड्रीत ओतलेले. दांडे चिंतामणीच्या लेथवर सबंध पोलादातून कापून काढलेले. पिस्टनच्या एका तुकड्यात मोहरीएवढी पोकळी होती. चिंतामणीने तिच्यावर बोट ठेवले, आणि त्यानंतर कुणी काही विचारले नाही.

विचारण्यासारखे कुणाला वाटलेही नाही. तीस वर्षे दोघे भाऊ एकाच पत्र्याखाली हेच भांडत आले होते. "तुमचं काम म्हणजे साच्यातले पेढे," चिंतामणी म्हणायचा, "दाबले, काढले, आत काय आहे ते देवाला ठाऊक." त्यावर वेणीमाधव म्हणायचे, "आणि तुझं उंदराचं. दिवसभर कुरतडत बसायचं आणि म्हणायचं घडवलं." गिऱ्हाइके हसायची. सिद्धू तर दोघांच्या नकला करून दाखवायचा. आता त्या भांडणाचा निकाल लागला होता, आणि तो वेणीमाधवांनी निमूटपणे मान्य केला होता.

चिंतामणीने खिशातून घडी केलेला कागद काढला. "चारला फौजदार येतील. मी कच्चा जबाब लिहून ठेवलाय. ते छापील कागदावर उतरवून घेतील आणि रामहरी अंगठा देईल."

वेणीमाधवांनी वाचले. 'मी रामहरी, धंदा ओतारी, पिस्टन ओततेवेळी माझे हलगर्जीपणामुळे धातूत पोकळी राहिली व ती मी मालकांस कळविली नाही.'

"कळवली नाही? त्याला तरी कुठं दिसली होती?"

"दिसायला हवी होती."

"फौंड्री माझी आहे, चिंतू. माझं नाव घाल."

"मूस तुम्ही उचलली होती?" चिंतामणीचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरे झाले असते. "इनामदार म्हणतात, एक माणूस दाखवा. घराचं नाव गेलं तर लेथही जाईल, आणि लेथवरचे अकरा जण रस्त्यावर येतील. भट्टी पाडा आणि रामहरी द्या. एवढंच मागतोय मी."

कोपऱ्यात साच्याच्या मातीच्या ढिगाशेजारी रामहरी उकिडवा बसला होता. साठीचा होता. वेणीमाधवांच्या वडिलांच्या हाताखाली तो माती चाळायला लागला तेव्हा वेणीमाधव शाळेत जात होते.

"ऐकलंस?"

"ऐकलं की." रामहरीने मान वर केली नाही. "पोकळी हाय ती माज्याच हातची हाय, मालक. न्हाय म्हनू कसा? सिद्धूबाबाला खांद्यावर घेऊन हितं भट्टी दावली म्या."

"सहा महिने, वर्षसुद्धा होईल तुला."

"व्हईल. बाहेर ऱ्हाऊन तरी कुनाला तोंड दावू?"

* * *

प्रेमलेला माजघराच्या आतल्या खोलीत बसवले होते. भिंतीपलीकडे मोरी होती आणि मोरीतून आठ दिवस एक वास येत होता, नाकात झोंबणारा. दुःखात माणसाला नसलेले वास येतात असे शेजारची चंद्रव्वा म्हणाली होती, म्हणून तिने कुणाला विचारले नाही.

दुपारी एकचा गिरणीचा भोंगा झाल्यावर तिला पलीकडून थोरल्या सासूबाईंचा, यशोदाबाईंचा, आवाज ऐकू आला. दबका, पण खणखणीत.

"बंद कर ते ॲसिड, प्रभा. डोळे बघ कसे झालेत तुझे."

"झालंय माझं काम, आई. आणखी काही करायचं उरलं नाही."

"मग ते तुकडे उचल आणि विहिरीत टाक."

प्रभा ही वेणीमाधवांची मुलगी. पुण्याहून रसायन घेऊन बी.एस्सी. झालेली, मुलींच्या शाळेत शिकवणारी, आणि बोलताना प्रत्येक वाक्य आधी तपासून घेणारी.

"रामहरीला तुरुंगात घालतील."

"घालतील. वर्षानं सोडतील. त्याच्या घरी मी दर महिन्याला धान्य पोचवीन, देवाशपथ पोचवीन. पण भाऊजींना हे कळलं तर त्यांना कुठून सोडवून आणणार आहेस? बायको गेली, मुलगा गेला. आता तू जाऊन सांगणार, की तुमच्याच हातानं..."

पुढचे शब्द आले नाहीत. प्रेमला उठली. चौदा दिवसांत ती पहिल्यांदाच कुणी न सांगता उठली होती. मोरीच्या दारात ती जाऊन उभी राहिली. फरशीवर चिनी मातीचे भांडे होते, त्यात वाफाळणारे पिवळट पाणी, आणि फडक्यावर लोखंडाचे दोन तुकडे.

"वन्सं, काय सांगणार होता मामंजींना?"

"काही नाही, प्रेमा. तू आत जा," यशोदाबाई म्हणाल्या.

"मी तुम्हाला नाही विचारलं, थोरल्या सासूबाई." बोलून झाल्यावर तिची तिलाच भीती वाटली, पण ती मागे सरली नाही. "वन्सं?"

प्रभाने तिच्याकडे पाहिले. मग तिने ते दोन तुकडे फडक्यात गुंडाळले.

"इथं नाही. सांगायचं तर सगळ्यांसमोर सांगेन. नाहीतर मी एकीला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगितलं असं होईल."

"मी येते."

"कारखान्यात?" यशोदाबाईंनी कपाळाला हात लावला. "चौदाव्या दिवशी उंबरा ओलांडणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणालेत की आधीच. लग्नाला सव्वा वर्ष झालं नाही आणि नवरा खाल्ला, पांढऱ्या पायाची. पंगतीत माझ्या पाठीमागे बसून म्हणत होत्या, तुम्ही वाढत होता तिथं." तिने पदर सारखा केला. "माझ्या पायानं झालं, का रामहरीच्या हातानं, का आणखी कशानं, ते मला कळू दे तरी."

* * *

फौजदार चारच्या आधीच आले होते. वयस्क, थकलेला माणूस. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, पाणी मागितले आणि छापील कागद पुढे ओढून कच्च्या जबाबावरून वरची नावगावाची ओळ लिहायला घेतली. रामहरी अंगठ्याला शाई लावून उभा होता. लेथ बंद होते. लेथ चालवणारा मल्लप्पा टर्नर सुताच्या बोळ्याला हात पुसत दाराशी होता, आणि तो तिथे का उभा आहे हे कुणी विचारले नव्हते.

बायका आत आल्या तशी चिंतामणी उठून उभा राहिला. सून कारखान्यात! त्याने यशोदाबाईंकडे पाहिले. त्यांनी नजर चुकवली.

"काका," प्रभा म्हणाली, "अंगठा घेण्याआधी मला दोन मिनिटं द्या."

"आता काय आणखी?"

"पिस्टन नंतर तुटलाय. दांडा आधी."

चिंतामणीला पहिल्यांदा राग आला, आणि तो आला याचे बरेही वाटले. चौदा दिवस त्याला ना राग येत होता, ना रडू. "बापाची फौंड्री वाचवायची आहे, होय? बोल की सरळ. ओतलेलं फुटतं, सबंध पोलादातून कापलेलं फुटत नाही. शेंबड्या पोराला कळतं."

"तीन फुटले नाहीत, काका. तेच पोलाद, तोच लेथ, तेच हात. एकच फुटला."

तिने फडके टेबलावर उघडले. तुटलेल्या दांड्याचा तुकडा उजेडाकडे धरला. बोलताना तिचा आवाज वर्गात बोलल्यासारखा सरळ होता.

"हा तुटलेला भाग बघा. इकडे कडेला काळसर, गुळगुळीत आहे, आणि बारीक कमानी दिसतात, एकीपुढे एक. म्हणजे भेग एका दिवसात गेलेली नाही. थोडी थोडी सरकत गेली. उरलेला भाग खरखरीत आणि चकचकीत आहे, तो शेवटी एकदम तुटला. पिस्टनचे तुकडे सगळीकडून ताजे, चकचकीत आहेत. दांडा तुटला आणि त्यानं खालून पिस्टन फोडला."

"आणि पोकळी? पोकळी काय मी तिथं कोरली?"

"पोकळी आहे. तुकड्याच्या मधोमध आहे आणि शाबूत आहे. एकही भेग तिच्यातून गेलेली नाही." तिने रामहरीकडे पाहिले. "रामहरीची चूक आहे ती. पण तिनं काही झालेलं नाही."

रामहरीने शाईचा अंगठा नकळत मुठीत धरला.

फौजदारांनी लिहिणे थांबवले. "बाई, मग दांडा का तुटला?"

प्रभाने दुसरा तुकडा काढला. तो न तुटलेल्या दांड्यातून कापलेला, एका बाजूने आरशासारखा घासलेला. "दोन्ही घासून गरम ॲसिडमध्ये ठेवले. पोलाद ठोकून लादी करतात तेव्हा आतले तंतू ठोकीबरोबर लांबतात. ॲसिडनं ते दिसायला लागतात. यात ते दांड्याच्या लांबीनं गेलेत. कापण्याच्या क्रमानं काकांनी दांड्यांवर ठिपके ठोकलेत, नळकांड्याच्या नाही; यावर तीन आहेत. आणि या तुटलेल्यावर चार ठिपके आहेत. यात..."

तिने तुकडा चिंतामणीपुढे केला. त्याने घेतला. पाहायला भिंग लागत नव्हते. करड्या पोलादावर बारीक रेषा होत्या, शेकडो, आणि त्या सगळ्या दांड्याच्या रुंदीत आडव्या होत्या.

लादी चौदा इंच लांब आणि साडेदहा इंच रुंद होती. चिंतामणीला खडूने आखलेले सगळे आठवत होते. लांबीत दहा इंचांचे तीन दांडे शेजारी शेजारी बसले. पलीकडे चार इंचांची पट्टी उरली. चौथ्यासाठी मुंबईहून नवी लादी मागवायची तर पंधरा दिवस गेले असते. मग त्याने ती उरलेली पट्टी फिरवून पाहिली होती: साडेदहा इंच आडवी, दांडा नेमका बसत होता. तुकडाही वाया जात नव्हता. आपल्या आखणीवर तो इतका खूश झाला होता की त्याने सगळ्या घराला बोलावून दाखवले होते.

"मलाही दाखवली होतीत तुम्ही," प्रभा म्हणाली. "मी शाबास म्हणाले होते. पुस्तकात वाचलेलं होतं सगळं, तरी मला सुचलं नाही. आपण बिडात, ओतीव लोखंडात वाढलो, काका. बिडाला कुठून कसं कापलं तरी तेच. त्याला दिशाच नसते. आपल्या घरात हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नाही."

"कुणालाच?" चिंतामणीने विचारले. त्याला वाटले होते तो ओरडेल. तो जवळजवळ कुजबुजला. "कुणालाच पडला नाही ना?"

दारातून मल्लप्पा म्हणाला, "म्या बोललो व्हतो, मालक."

"काय बोललास?"

"येकदाच. म्हनलं, चवथा आडवा पडतोय. आमच्या घरी माग हाय, कापड उभं फाडलं तर येगळं, आडवं फाडलं तर येगळं. मला काय शिक्षान न्हाय, नुसतं मनात आलं म्हनून बोललो. तुमी म्हनला, मल्ल्या, हे काय लुगडं हाय व्हय? आन् समदे हसले. म्या बी हसलो."

समदे हसले होते. चिंतामणीला ते हसणे आठवले आणि त्यात एकेक आवाज वेगळा ऐकू यायला लागला. सगळ्यांत शेवटपर्यंत हसत राहिला होता तो सिद्धू. लेथला टेकून, डोळे पुसत. 'मल्लप्पा, काठ कोणता लावायचा या दांड्याला?' असे काहीतरी तो म्हणाला होता.

वेणीमाधव पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा ते धाकट्या भावाच्या आणि स्वतःच्या मुलीच्या मध्ये उभे राहिले.

"पुरे, प्रभा. फौजदारसाहेब, ही माझी मुलगी. शिकलेली आहे, पण पोर आहे. चुकली असेल. जबाब माझ्या नावानं लिहा. पिस्टन माझे, पोकळी माझी."

"अण्णा!"

"गप्प बस म्हटलं ना!"

"भाऊजी, घरी चला तुम्ही," यशोदाबाई म्हणाल्या. "ह्यांनी म्हटलंय ना, त्यांच्या नावानं."

"मालकांचं कशाला?" रामहरी म्हणाला. "माजाच घ्या की अंगठा. शाई लावलीच हाय. म्हाताऱ्या मानसाला हितं काय आन् तितं काय."

चिंतामणीने त्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिले. इतकी वर्षे ज्यांच्या कामाला तो साच्यातले पेढे म्हणत आला होता ती माणसे त्याच्याभोवती उभी होती आणि प्रत्येकजण त्याला एकेक दार उघडून देत होता. कुठूनही गेले तरी चालले असते. घरी जाऊन आडवे पडता आले असते. भट्टी पाडायची गरज नव्हती, पाडली तरी चालली असती. त्याने प्रभाला विचारले, "तुला कधी कळलं?"

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस गप्प बसलीस."

"हो."

"मग आणखी थोडी बसायचीस."

तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तिला जे म्हणायचे होते ते तिने म्हटले होते.

तेव्हा प्रेमला बोलली. इतका वेळ ती लेथच्या पलीकडे उभी होती आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

"मामंजी, रोज दोन वेळा तुमचं पान मीच वाढणार आहे."

"प्रेमा..."

"आपल्या चुलीवर आता आपण दोघंच. तुम्ही खाली मान घालून जेवणार आणि मी वाढणार. तुम्हालाही माहीत असेल, मलाही माहीत असेल, आणि तिकडे रामहरी नाहीतर मोठे मामंजी तुरुंगात बसलेले असतील. मला नाही जमायचं ते." तिने पदर घट्ट धरला होता. "तुमचं मूल होतं. तुम्ही मुद्दाम केलं नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण केलंत तुम्ही."

"सूनबाई, सही केली तर मी तुरुंगात जाईन. तुला कोण आहे मग?"

"ठाऊक आहे मला."

तिने एवढेच म्हटले. क्षमा केली असे म्हटले नाही, आणि तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला तरी पुढेही म्हटले नाही.

चिंतामणी टेबलाशी बसला. फौजदारांनी रामहरीच्या नावाचा कागद बाजूला ठेवून नवा दिला. "सांगा, मी लिहितो," ते म्हणाले. आवाज मऊ होता.

"नको. मोजमापं चुकतील."

त्याने टाक घेतला. अक्षर त्याचे नेहमी कामाच्या आराखड्यावर असते तसे, बारीक आणि उभे. लादी चौदा गुणिले साडेदहा. पहिले तीन दांडे लांबीत. चौथा दांडा उरलेल्या पट्टीतून आडवा, माझ्या हुकमावरून. मल्लप्पा टर्नर याने शंका काढली, ती मी ऐकली नाही. पिस्टनमधील पोकळीचा अपघाताशी संबंध नाही. एका जागी त्याला शब्द सुचेना. त्याने प्रभाला विचारले आणि तिने सांगितला, 'तंतूंची दिशा', आणि त्याने तो लिहिला. वेणीमाधव भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांची पाठ हलत होती.

त्याने सही केली, कागद टिपला आणि पुढे सरकवला. फौजदारांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि कागद परत त्याच्यापुढे ठेवला.

"एक रकाना राहिला," ते म्हणाले. "मी भरला असता, पण सहीखालचा असल्यामुळे ज्याचा त्यानंच भरायचा असतो."

चिंतामणीने वाकून पाहिले. सर्वांत खाली, बारीक छापील अक्षरांत: जबाब देणाराचे मयताशी नाते.

टाक कोरडा पडला होता. त्याने तो दौतीत बुडवला, कडेला टेकवून जास्तीची शाई निथळू दिली, आणि त्या रेघेवर लिहिले: वडील.